पट्टीखालची तारीख

१७ जून १९५८, मंगळवार. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर नव्या नमुन्यात उतरवून काढायचं काम आज सुरू केलं. जुन्याला कसर लागली आहे आणि नव्या राज्याचे रकाने वेगळे आहेत. शाळा उघडायला दोन आठवडे आहेत, तेवढ्यात हे संपवायचं म्हणून सकाळी आठला बसले आणि नऊच्या आत रागाने उठले.

राग एका मेलेल्या माणसाचा आला. त्याच्याशी भांडायची सोय नाही, म्हणून लिहिते आहे.

झालं असं. गावचा कोतवाल त्याच्या पोरीला, रेवताला, घेऊन आला. चांद्याला सुईणींचा वर्ग निघतो आहे. सहा महिने शिकवतात, मग दवाखान्याकडून गावोगावी नेमतात. मुलीचं वय सोळा पूर्ण हवं. अर्ज शुक्रवारपर्यंत पोचला पाहिजे. पुढचा वर्ग दोन वर्षांनी, आणि तोवर रेवता थांबणार नाही, कारण तिच्या मामाने आरमोरीकडचं स्थळ आणून ठेवलं आहे. बापाने मामाला एवढंच सांगितलं आहे की वर्गात घेतलं नाही तर दिवाळीनंतर बघू.

मी रजिस्टर उघडलं. रेवता, जन्मतारीख १ जुलै १९४३. म्हणजे सरकारी कागदावर पोरीला अजून पंधरासुद्धा पुरी नाहीत.

"पंधरा कशी बाई?" कोतवाल म्हणाला. "पोळ्याले सतरा पुरे होतीन तिले. माह्या घरची पोरगी, मले नाई ठाऊक?"

"ठाण्याच्या वहीत काय आहे?"

गावातला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मरण कोतवालाने ठाण्यात जाऊन सांगायचं, तिथला मुन्शी ते लिहून घेणार, अशी इथली रीत. गावातली सगळी पोरं याने सांगितली. स्वतःची राहिली.

"तवा नाल्याले पूर होता, बाई. दोन मंगळवार जाता नाई आलं. मंग राहूनच गेलं. माहीच राह्यली."

रेवता दाराला टेकून उभी होती. चवथीपर्यंत माझ्या हाताखाली होती, मग सातवी झाली. अंगाने काटकुळी, पण तोंडाने नाही. "बाई," ती म्हणाली, "लगीन घरच्या वयानं अन् शिक्षण तुमच्या कागदाच्या वयानं, असं काऊन?"

त्या रकान्यातलं अक्षर माझं होतं. कागदाच्या पट्टीवर लिहिलेलं, पट्टी रजिस्टरवर चिकटवलेली. त्या पट्टीखाली काय आहे ते लिहिणारा माणूस म्हणजे आमचे तेव्हाचे हेडमास्तर. गाव त्यांना मोठे गुरुजी म्हणे.

मी या शाळेवर १९५० साली आले. पहिल्याच सकाळी त्यांनी मला विचारलं, "बाई, किती वाजता निघालात?"

"आठला."

"कुठल्या आठला?"

मला वाटलं माणसाला ऐकू कमी येतं. तसं नव्हतं. मोटारीचे आठ, रेल्वेचे आठ, शाळेच्या घड्याळाचे आठ आणि उन्हाचे आठ हे त्यांच्या लेखी चार वेगळे आठ होते, आणि त्यातला कुठला ते सांगितल्याशिवाय पुढचं बोलणं होत नसे. सरकारी वेळेपेक्षा आपल्या भागात सूर्य दहा-बारा मिनिटं उशिरा डोक्यावर येतो हे त्यांनी अंगणात काठी रोवून काढलं होतं. मी म्हटलं, त्याने काय बिघडतं? ते म्हणाले, काही नाही, फक्त माहीत असावं.

शाळेचं घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं. कुठल्याही शहाण्या माणसाने काटा मागे सरकवला असता. यांनी घड्याळाखाली एक पाटी टांगली: "हे घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे." खाली त्या दिवसाची तारीख आणि सही.

"अहो, नीटच करा ना," मी म्हटलं.

"नीट केलं तर आजवर हजेरीत लिहिलेल्या वेळा खोट्या पडतील. चूक सगळ्यांना ठाऊक आहे तोवर ती चूक नाही, बाई. कोणी न सांगता सुधारली की मग ती चूक."

मला हे बोलणं तेव्हा निव्वळ आळशीपणाचं वाटलं. पाटी अजून तिथे आहे. मीही ती काढलेली नाही, पण त्याचं कारण एवढंच की घड्याळाला हात लावला की ते बंद पडतं.

तारखेच्या बाबतीत तर त्यांना वेडच होतं. आकड्यात लिहिलेली तारीख त्यांना चालत नसे. ऑफिसचं पत्र ५-६ तारखेचं आलं की ते उलट टपाली विचारत, पाच जून की सहा मे? ऑफिसातली माणसं हसत, मग चिडत. त्यांचं म्हणणं एकच, तुम्ही लिहिलं तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं, मी वाचतो तेव्हा मला ठाऊक नाही. सिंदेवाहीकडे भाताची वाणं बघायला आलेल्या एका परदेशी साहेबाने एकदा शाळेला कळवलं की मी ४/७ ला येईन. पत्र मार्चात आलं. आम्ही सगळ्यांनी चार जुलै धरून पत्र फायलीत टाकलं. गुरुजींनी पोस्टकार्ड लिहून महिन्याचं नाव विचारलं. उत्तर आलं नाही. सात एप्रिलला सकाळच्या शाळेत ते धुतलेलं धोतर नेसून, कोट घालून आले, मुलांकडून अंगण सारवून घेतलं. आम्ही हसलो. साडेनवाला जीप आली. साहेब उतरला, त्याच्या देशात महिना आधी लिहितात म्हणे. मी त्या दिवशी वर्गात तांदूळ निवडत बसले होते. तो प्रसंग मला अजून आठवतो आणि अजून चीड येते. गुरुजींनी मला एका शब्दाने टोचलं नाही. टोचलं असतं तर मी चार शब्द ऐकवून मोकळी झाले असते.

हे झालं पत्रांचं. खरा गोंधळ जन्मतारखांचा होता.

आमच्या गावातली सगळी माणसं मंगळवारी जन्मली आहेत. मी थट्टा करत नाही. मंगळवारी बाजार, बाजाराच्याच गावी ठाणं, म्हणून कोतवाल मंगळवारी जाऊन आठवडाभराचे जन्म-मृत्यू सांगणार आणि मुन्शी त्याच दिवसाची तारीख टाकणार. गुरुजींनी एकदा जुन्या नोंदींना वार लावून पाहिले आणि ते इतके हसले की मला वाटलं माणसाला ठसका लागला. मग कोतवालाला बोलावलं.

"काय रे, या गावात बुधवारी कोणी मरत नाही का?"

"मरते गुर्जी. पण मंगळवारी सांगतो."

बाकीच्या गावांत मास्तर काय करत ते सगळ्यांना ठाऊक आहे. बाप पोराला घेऊन येतो, वय विचारलं तर म्हणतो, असन सहा-सात. मास्तर पोराला म्हणतो, डोक्यावरून हात घेऊन दुसऱ्या बाजूचा कान धर. कान हाताला लागला तर सहा पुरी. मग १ जुलै लिहायचं आणि साल मागे मोजायचं. अर्धा जिल्हा १ जुलैला जन्मला आहे. दाखला मिळतो, शाळा चालते, कोणाचं अडत नाही. मी स्वतः आधीच्या गावी आठ वर्षं हेच केलं.

मोठे गुरुजी ते करायला तयार नव्हते. ते बापाला बसवत, पाणी देत आणि तो जे बोलेल ते शब्दन्‌शब्द जन्मतारखेच्या रकान्यात शाईने लिहीत. "मोहफुलं वेचायचे दिवस, थोरलीच्या लग्नानंतरच्या साली. सांगणार आजा." बाजूला सांगणाऱ्याचा अंगठा. तारीख नाहीच. तारीख ते नंतर शोधणार.

"आणि नाही सापडली तर?" मी विचारलं होतं.

"तर तो म्हणाला ते तरी शाबूत राहील. मी आज अंदाज लिहिला की त्याचं बोलणं गेलं. उद्या माझ्यापेक्षा शहाणा माणूस येईल, त्याला काय देऊ? माझा अंदाज?"

शोधायची त्यांची तऱ्हाही ऐका. रविवार आला की छत्री घेऊन निघत. पाच-सात मैल चालून कुठल्या तरी गावी सुईणीला, मामाला, आत्याला गाठत. पाराजवळ बसलेले लोक ओरडत, "गुर्जी, कोनाची पोरगी पाहाले चालले?" बायको जाऊन दहा वर्षं झालेला माणूस, थट्टेला रान मोकळं. ते म्हणत, "पोरगी नाही, पोरीचा दिवस पाहाले चाललो." आणि खरंच तेवढ्यासाठी चालत.

परत आले की खात्री आण्यांत लिहीत. सोळा आणे म्हणजे बाळंतपण केलेली सुईण स्वतः बोलली आणि दुसऱ्या कोणी, तिला न भेटता, तेच सांगितलं. बारा आणे म्हणजे साक्षीदार एकच, पण डोक्याने शाबूत. आठ आणे म्हणजे फक्त आई.

"आईचे आठच?" मी चिडून विचारलं. मला दोन मुलं आहेत.

"तिला तेव्हा घड्याळ बघायला सवड नसते, बाई."

बारा आण्यांच्या खाली ते तारीख मांडतच नसत. त्यात गावच्या कालगणनाही सतरा. मारवाडी दुकानदार म्हणे पोरगा भादव्यात झाला. त्याचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अवसेला, म्हणून त्याचा वद्य भादवा आणि आपला वद्य श्रावण एकच. गावचा मुसलमान शिंपी म्हणाला, मुलगी जुम्म्याच्या रात्री झाली. मी शुक्रवार धरला. गुरुजी जाऊन त्याच्या दुकानात बसले. तो हसला. "मास्टरजी, जुमे की रात तो जुमेरात को ही आएगी ना." त्याचा दिवस सूर्य मावळला की सुरू होतो, म्हणून ती गुरुवारची रात्र. आपल्या शेतकऱ्यांचा दिवस सूर्य उगवला की सुरू होतो, म्हणून कोंबडं बोलायच्या आधी जन्मलेलं पोर आदल्या दिवसाचं. सरकारचा मध्यरात्री, कोणी जागं नसताना. गुरुजी म्हणत, तिघंही बरोबर आहेत, फक्त कोणत्या हिशेबाने बोलले ते लिहून ठेवा. मला हे ऐकून डोकं दुखायचं. पन्नास पोरांची शाळा, तीन शिक्षक, आणि हेडमास्तर रात्र कुठल्या दिवसाची यावर अर्धी दुपार घालवतात.

त्यांची स्वतःची तारीखही १ जुलैच होती, १ जुलै १९००. म्हाताऱ्या आत्याकडे खोदून खोदून त्यांनी ठरवलं की आपण त्या सालच्या पौषात, जानेवारीत, जन्मलो. म्हणजे नोकरीची पंचावन्न वर्षं जूनमध्ये नाही, जानेवारीतच पुरी होतात. त्यांनी अर्ज केला की माझी तारीख दुरुस्त करून मला पाच महिने आधी निवृत्त करावं. ऑफिसला असा अर्ज कधी आलाच नव्हता. वय कमी करून मागणारे येतात. अर्ज फेटाळला. मग ते जानेवारीपासून रोज वेळेवर आले, रोज शिकवलं, पगारही घेतला, पण हजेरीपटावर सहीच्या जागी "पाहुणा" लिहायला लागले. ऑफिसचं पत्र आलं, हा पाहुणा कोण? त्याचं उत्तर मला लिहावं लागलं. माणूस बरोबर असणं एक आणि बरोबर असण्याचा भार दुसऱ्यावर टाकणं दुसरं. हे त्यांना कधी कळलं नाही.

आता पट्टीचं सांगते. हे सांगायलाच बसले आहे.

१९५२ च्या हिवाळ्यात तपासणीला साहेब आले. दौऱ्यात होते, दुपारी निघायचं होतं. दाखल-खारीज उघडलं आणि वाचायला लागले, मोठ्याने: "पोळ्याची रात्र, कोंबडं बोलायच्या आधी. तलावाची पाळ फुटली त्या साली. सांगणार बाप." रजिस्टर टेबलावर आपटलं.

"हे काय आहे? रजिस्टर आहे की पारावरच्या गप्पा?"

"तपास चालू आहे, साहेब," गुरुजी म्हणाले.

"किती दिवस?"

"चार वर्षं."

"एका तारखेला चार वर्षं?"

"माणूस जन्मभर तिच्यावर चालतो. चार वर्षं फार नाहीत."

साहेब लाल झाले. मग माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही शहाण्या दिसता. मी जेवून येतो. तेवढ्यात या रकान्यात तारखा पाहिजेत. एक मूल, एक तारीख."

मला शहाणी म्हटलेलं आवडलं. तेही लिहून टाकते.

गुरुजी बाहेर आले. म्हणाले, "हुकूम लेखी मागा. तारखेसह." मी म्हटलं, तुम्ही मागा, तुम्ही हेडमास्तर आहात. ते म्हणाले, मला नाही दिला, तुम्हाला दिला. मी मागितला नाही. एकवीस मुलांच्या नुसत्या हकिगती होत्या, तारीख नव्हती. मी चाकू काढला, खरवडून वर लिहिणार होते. त्यांनी माझा हात धरला. त्याआधी किंवा त्यानंतर त्यांनी मला कधी हात लावला नाही. "खोडू नका. पट्ट्या लावा. खळ मी करून आणतो."

खळ आणली ती वाटीभर पाणचट पेज. भाताचीच पेज, जरा आटवलेली. पट्टी लावली की कोपरे वर यायचे. साहेबाचं जेवण आटपत आलेलं, माझे हात चिकट, आणि हा माणूस साधी खळसुद्धा दाट करू शकत नाही. मी त्यांना तोंडावर म्हटलं, "तुम्हाला एवढंही जमत नाही का?" ते म्हणाले, "एवढी पुरे."

मी पोरं रांगेत उभी केली. लहानांचे कान, मोठ्यांचे दात आणि उंची. दोन तासांत एकवीस जन्म उरकले, सगळे १ जुलै. रेवता चवथीत होती, दिसायची नऊची. मी ४३ साल लिहिलं. तिच्या नावापुढची हकिगत वाचायला मी थांबले नाही. पाळ कुठल्या साली फुटली हे मला ठाऊक नव्हतं आणि बाहेर उभ्या असलेल्या तिच्या बापाला विचारावं असंही वाटलं नाही. साहेब सही करून गेले. हुकूम तोंडीच राहिला. आज तेच साहेब ब्रह्मपुरीच्या ऑफिसात मोठ्या खुर्चीवर आहेत आणि रजिस्टरातली तारीख बदलायची तर सही त्यांची लागते.

हे सगळं मी आज सकाळी कोतवालाला आणि रेवताला सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता.

बाहेर कोणी नाही ना ते कोतवालाने बघून घेतलं. मग हळूच म्हणाला, "बाई, नवी वही लिवूनच राह्यल्या ना तुमी? मंग नव्यात सोळा लिवा. जुनी कसरीनं खाल्ली मना. कोन पाह्यते?"

खरं सांगते, माझ्याही मनात तेच आलं होतं, त्याच्या आधी. नवी वही कोरी, अक्षर माझं, जुनी चुलीत. मुलगी चांद्याला, मी निर्धास्त. कोणाचं अडत नाही.

"अन् कोनी इचारलं का हे सोळा कुठून आणले, तं?" रेवता बापाला म्हणाली. "बाई म्हणतीन काय, पह्यले बी मनानंच लिवलं, आता बी मनानंच लिवलं?"

"चूप बस वं," बाप म्हणाला.

"ती बरोबर बोलते आहे," मी म्हटलं, आणि त्यांना संध्याकाळी या म्हणून सांगून घालवून दिलं. मग पट्टीसमोर बसले.

पट्टी ओली करायला फडकं भिजवून आणलं होतं. ते लागलंच नाही. नख लावलं आणि पट्टी अलगद, अख्खी, सुटून आली. मी इतकी वर्षं समजत होते की त्यांना खळ करता येत नव्हती.

खाली त्यांची १९४८ ची शाई होती, जशीच्या तशी. पोळ्याची रात्र, कोंबडं बोलायच्या आधी. कोतवालाचा अंगठा. आणि त्याखाली, बारीक अक्षरात, वेगळ्या शाईने, जे तेव्हा तिथे नव्हतं ते:

"पाळ फुटली ते साल: मालगुजाराच्या वहीत पाळ बांधणाऱ्या मजुरांची हजेरी, १९४१. सुईण आता लेकीकडे नवरगावला. तिने स्वतः सांगितलं, पोळ्याचीच रात्र, कोंबडं बोललं नव्हतं. गावच्या हिशेबाने शुक्रवार, सरकारी हिशेबाने शनिवार. शनिवार, तेवीस ऑगस्ट एकोणीसशे एक्केचाळीस. सोळा आणे. नोंद केली रविवार, सात मार्च एकोणीसशे चोपन्न."

चोपन्न. म्हणजे माझ्या पट्ट्यांनंतर सव्वा वर्षाने. माणूस रविवारी छत्री घेऊन जात होता, नवरगावहून परत येत होता, माझी पट्टी उचलत होता, खाली खरी तारीख लिहीत होता आणि पुन्हा पेज लावून माझी खोटी तारीख वर जशीच्या तशी बसवत होता. आणि सोमवारी माझ्यासमोर बसून चहा पीत होता.

मला तिथे रडू वगैरे आलं नाही. मी रजिस्टर मिटलं आणि मोठ्याने म्हटलं, "सांगायला काय झालं होतं?" रिकामा वर्ग. घड्याळ आणि पाटी.

त्यांनी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का? नाही. साहेबांची सही झाली आहे, आता उकरू नका, असं म्हटलं असतं. तरी सांगायला हवं होतं. दर वेळी समोरच्याला त्याच्या चुकीपर्यंत एकट्याला चालत जाऊ द्यायचं, हा कसला चांगुलपणा? त्यांच्या पेजेवर माझी अब्रू सहा वर्षं चिकटून होती आणि मला ठाऊक नव्हतं. रेवता आज आली नसती तर मी नव्या वहीत १ जुलै १९४३ सुवाच्य अक्षरात उतरवून जुनी वही जाळली असती. तो धोका त्यांनी पत्करला. सोळा आण्यांची तारीख आणि ती पोचवण्याची व्यवस्था चार आण्यांची.

निवृत्तीनंतर ते गडचिरोलीला लेकीकडे गेले आणि हेडमास्तरकी माझ्याकडे आली. गेल्या साली जावयाचं कार्ड आलं, "गुरुजी गेले." कार्डावर तारीख नव्हती आणि टपालाचा शिक्का पुसट. मी उलट टपाली विचारायला हवं होतं. विचारलं नाही. त्यांच्या मरणाची तारीख मला आजही ठाऊक नाही.

संध्याकाळी कोतवालाला पट्टीखालचं वाचून दाखवलं. त्याने स्वतःच्या अंगठ्याकडे बराच वेळ पाहिलं. "सुईण बोलली तं मंग खरं," म्हणाला. मी त्याला सांगितलं, ब्रह्मपुरीला साहेबांसमोर मला म्हणावं लागेल की पट्टी मी लावली, कोणाला न विचारता, त्यांच्याच तोंडी हुकमावरून. साहेब म्हणतील, मी असा हुकूम दिलाच नाही. मग सरकारी रजिस्टरात खोटं लिहिल्याचा ठपका एकटीवर येईल. हेडमास्तरकी जाईल, कदाचित जास्तही.

"मंग?" तो म्हणाला.

"मग सकाळच्या मोटारीने जायचं. रेवताला आण. स्वच्छ लुगडं नेसव."

आज बुधवार. सहाला शाळेत आले. रेवताच्या नावासमोर लाल शाईने लिहिलं: "१ जुलै १९४३ ही तारीख मी अंदाजाने, कोणालाही न विचारता, तोंडी हुकमावरून पट्टीवर लिहून चिकटवली होती. ती खोटी आहे. पट्टीखालची नोंद मूळ आहे. बुधवार, अठरा जून एकोणीसशे अठ्ठावन्न, सकाळचे सव्वासहा, शाळेच्या घड्याळाप्रमाणे. घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे." सही केली. पट्टी फेकली नाही, सुईदोऱ्याने पानाला टाचली.

एकीपुरतंच करून रजिस्टर मिटता आलं असतं. पण त्या रांगेत वीस पोरं आणखी उभी होती आणि त्यांच्यातलं कोण केव्हा दाराशी येईल ते मला माहीत नाही. दुसरी पट्टी काढली, तिसरी काढली. बहुतेकांखाली तारीख होती. दोघांखाली आठ आण्यांवर काम अडलेलं. एकाखाली लिहिलं होतं, "चार आणे. आजी खोटं बोलते." प्रत्येकासमोर लाल शाईचं तेच वाक्य, तीच सही, वेळ मात्र वेगळी.

कोतवाल आणि रेवता दारात येऊन उभे राहिले तेव्हा घड्याळात आठ वाजत होते आणि शेवटची पट्टी राहिली होती.

"चाला बाई, मोटार आठची," कोतवाल म्हणाला.

"कुठल्या आठची?" रेवताने विचारलं. तीही त्याच शाळेत शिकली आहे.

"मोटारीच्या," मी म्हणाले. "अजून दहा मिनिटं आहेत." आणि शेवटच्या पट्टीला नख लावलं.